केसगळती आणि पीआरपी: स्वतःच्याच रक्ताचा उपाय कितपत गुणकारी?

केस विरळ होऊ लागल्याची पहिली बातमी माणसाला बहुधा घरच्या आरशात मिळत नाही. ती केशकर्तनालयात मिळते. मागे दुसरा आरसा धरून टाळूवरचा फिकट गोल दाखवणारा कारागीर सहज काहीतरी बोलून जातो आणि पंचविशीतला तरुण विचारात पडतो. मग माक्याचे व जास्वंदीचे तेल, कांद्याचा रस, जाहिरातीतील शांपू, मित्राने सुचवलेल्या गोळ्या असे एकेक टप्पे पार होतात. अलीकडच्या वर्षांत या प्रवासाच्या शेवटी एक नाव हमखास कानावर येते, ते म्हणजे पीआरपी. रुग्णाचेच रक्त काढायचे, त्यातील ठरावीक भाग वेगळा करायचा आणि तोच सुईने डोक्याच्या त्वचेत टोचायचा, असा हा उपचार आहे.

महानगरांत हा उपचार आता नवलाईचा राहिलेला नाही. प्रश्न अधिक गंभीर होतो तो लहान गावांत. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे पुणे-मिरज लोहमार्गावरील जुने बाजारपेठेचे गाव. येथील एखाद्या तरुणाने पीआरपी घ्यायचे ठरवले, तर त्याला बहुधा सातारा किंवा कऱ्हाड गाठावे लागते आणि नाव ऐकून पुण्याला जायचे म्हटले तर अख्खा दिवस मोडतो. अशा किमान तीन-चार फेऱ्या, बुडालेली रजा किंवा रोज आणि प्रत्येक बैठकीचे काही हजार रुपये, असा हा हिशेब आहे. लग्नाची बोलणी सुरू असलेल्या घरात तो हिशेब कोणी फारसा तपासत नाही. ‘मुलाचे केस गेलेत’ या एका वाक्यावर स्थळ अडते, असा समज पक्का असतो. म्हणूनच या उपचाराची किंमत मोजण्यापूर्वी त्याचे मोल काय, हे नीट पाहणे आवश्यक ठरते.

रक्तातून काय निघते?

पीआरपी हे ‘प्लेटलेट-रिच प्लाझ्मा’ या नावाचे लघुरूप. मराठीत त्याला बिंबिकासमृद्ध रक्तद्रव म्हणता येईल. रक्तात तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज प्लेटलेट म्हणजे रक्तबिंबिका असतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्यांची संख्या साधारण दीड ते चार लाख असते. डेंग्यूच्या साथीत ‘प्लेटलेट उतरल्या’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला, त्या याच. जखम झाली की रक्त गोठवणे हे त्यांचे मुख्य काम. त्याच वेळी त्यांच्या पोटातील सूक्ष्म कणिकांतून वाढीला चालना देणारी अनेक प्रथिने बाहेर पडतात. नव्या रक्तवाहिन्या फुटणे, पेशींचे विभाजन होणे, जखम भरून येणे यांत या प्रथिनांचा वाटा असतो.

उपचारासाठी रुग्णाच्या शिरेतून साधारण दहा ते साठ मिलिलिटर रक्त घेतले जाते. ते गोठू नये म्हणून त्यात विशिष्ट द्रव्य मिसळतात आणि नळ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवतात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर रक्तद्रव राहतो आणि दोहोंच्या सीमेवर बिंबिकांचे प्रमाण अधिक असते. काही ठिकाणी एकदाच फिरवतात, काही ठिकाणी दोनदा. शेवटी हाती येतो तो काही मिलिलिटर द्रव. त्यात बिंबिकांची संख्या मूळ रक्ताच्या तीन ते पाच पट, म्हणजे मायक्रोलिटरमागे दहा लाखांच्या आसपास असावी, अशी अपेक्षा असते. हा द्रव अतिशय बारीक सुईने विरळ भागात सुमारे एकेक सेंटिमीटर अंतरावर टोचला जातो. सामान्यतः महिन्याच्या अंतराने तीन बैठका आणि त्यानंतर दर चार-सहा महिन्यांनी एक, असा क्रम ठेवला जातो.

ही कल्पना मुळात केसांसाठी निघालेली नाही. रक्तविज्ञानात बिंबिकासमृद्ध रक्तद्रव १९७० च्या दशकापासून परिचित होता. १९९० च्या दशकात जबड्याच्या शस्त्रक्रियांत हाडाचे कलम लवकर धरावे म्हणून त्याचा वापर सुरू झाला, पुढे खेळाडूंच्या दुखावलेल्या स्नायुबंधांकडे तो वळला आणि गोल्फपटू टायगर वुड्स यांच्यासारख्या नावांमुळे त्याला प्रसिद्धी मिळाली. केसांच्या क्षेत्रातील एक प्रारंभीचा प्रयोग ब्राझीलमधील शल्यचिकित्सक कार्लोस उबेल व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. केशरोपण करताना त्यांनी काही रोपे बिंबिकासमृद्ध द्रवात भिजवून लावली. वीस पुरुषांच्या या अभ्यासात अशा भागातील केसांची घनता न भिजवलेल्या भागापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी अधिक भरली. रोपण न करता नुसता द्रव टोचला तर काय होईल, हा प्रश्न त्यानंतर स्वाभाविकपणे पुढे आला.

गळती एक, कारणे अनेक

पीआरपीचा विचार करण्याआधी कोणत्या प्रकारची गळती आहे, हे ठरणे अत्यावश्यक आहे आणि नेमकी हीच पायरी अनेकदा गाळली जाते. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे मूळ दोन ते सहा वर्षे वाढीच्या अवस्थेत, दोन-तीन आठवडे संक्रमणात आणि सुमारे तीन महिने विश्रांतीत असते. विश्रांती संपली की केस गळतो व त्याच मुळातून नवा उगवतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हे या चक्राचाच भाग आहे. कंगव्यात केस दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

टायफॉईड, डेंग्यू, कोविड यांसारखा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा वजन झपाट्याने घटवणारा कडक आहार यांनंतर अनेक मुळे एकाच वेळी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात. रुग्णाला तो ताप विसरायलाही झालेला असतो. ही गळती बहुतेकांत सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. येथे पीआरपी घेतले तरी केस येतात आणि घेतले नाही तरी येतात. श्रेय मात्र सुईला मिळते. रक्तक्षय आणि थायरॉईडचे विकार ही स्त्रियांमधील केसगळतीची नेहमीची कारणे. हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉईडच्या तपासण्यांना लागणारा खर्च पीआरपीच्या एका बैठकीपेक्षा पुष्कळ कमी असतो.

कारण न शोधता उपचार किती फोल ठरू शकतो, याचे टोकाचे उदाहरण महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात अनेकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडले. पाण्याचे व त्वचेचे नमुने तपासले गेले आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथकही आले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनवरील गव्हातील सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखवले. पुढे अनेकांना केस पुन्हा येऊ लागले. अशा प्रसंगी डोक्यात काही टोचण्याला अर्थच नसतो.

नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात, त्या विकाराला मराठीत ‘चाई’ म्हणतात. आयुर्वेदातील इंद्रलुप्त ते हेच, असे मानले जाते. सुश्रुतसंहितेत त्यावर शिरावेध करून लेप लावण्याचा उपचार सांगितला आहे. डोक्याची त्वचा टोचून केस उगवण्याची आशा धरणे, ही गोष्ट अगदीच आजची नव्हे. चाई हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच केशमुळांवर केलेल्या हल्ल्याचा परिणाम असून त्यावर स्टेरॉईडची इंजेक्शने हा प्रचलित उपचार आहे. २०१३ मध्ये इटलीत ४५ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत पीआरपीने चाईवर स्टेरॉईडपेक्षा चांगला परिणाम दाखवला होता. नंतरच्या लहान चाचण्यांत त्याबाबत एकवाक्यता दिसली नाही.

राहिला तो सर्वात मोठा गट: आनुवंशिक टक्कल. पुरुषांत कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांपासून व टाळूवरून सुरू होणारे आणि स्त्रियांत भांग रुंदावत नेणारे. पुरुषी संप्रेरकापासून तयार होणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे द्रव्य संवेदनशील मुळांना हळूहळू आकसवते, केस पातळ व आखूड होत जातात आणि अखेर दिसेनासे होतात. वयात येण्यापूर्वी वृषणे गमावलेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले होते. पीआरपीची बाजारपेठ उभी आहे ती मुख्यतः याच गटावर.

पुण्यातील अकरा रुग्ण आणि न्यूयॉर्कमधील पस्तीस

या विषयावरील एक वारंवार उल्लेखला जाणारा भारतीय अभ्यास पुण्याचाच आहे. नऱ्हे येथील श्रीमती काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागातील डॉक्टरांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिने मिनॉक्सिडिल व फिनास्टराईड ही औषधे घेऊनही पुरेसा लाभ न झालेल्या अकरा रुग्णांना त्यांनी दर दोन आठवड्यांनी, एकूण चार वेळा, दोन ते तीन मिलिलिटर पीआरपी टोचले. एका चौरस सेंटिमीटरमधील केशगुच्छांची सरासरी संख्या ७१ वरून ९३ वर गेली. औषधांना न जुमानणाऱ्या टकलात सुमारे तीस टक्क्यांची वाढ ही उत्साहवर्धक गोष्ट होती. संशोधकांनी शीर्षकातच ‘भ्रम की परिणामकारक साधन’ असा प्रश्न टाकला होता आणि त्यांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे होता.

तथापि या अभ्यासाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. रुग्ण अकराच होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ज्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले असते, त्यांच्यात काय घडले असते, हे त्यातून कळत नाही. केसांच्या बाबतीत हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. उपचार सुरू केलेला माणूस केसांची काळजी अधिक घेतो, आहाराकडे पाहतो, औषधेही नियमित लावू लागतो. शिवाय गळती सर्वाधिक असते तेव्हाच तो दवाखान्यात येतो. तिथून पुढे ती काहीशी कमी होणे हे पुष्कळदा आपोआपच घडते.

तुलना करणाऱ्या चाचण्याही झाल्या. इटलीतील पिएत्रो जेन्तिले व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये डोक्याच्या अर्ध्या भागात पीआरपी आणि उरलेल्या अर्ध्या भागात निष्क्रिय द्रव टोचून पाहिला. तीन बैठकांनंतर पीआरपीच्या बाजूला केसांची संख्या स्पष्टपणे वाढलेली आढळली. परंतु वर्षभराने चार रुग्णांत गळती पुन्हा सुरू झाली व त्यांना पुनश्च उपचार द्यावे लागले. म्हणजे परिणाम झाला तरी तो टिकवण्यासाठी सुई चालू ठेवावी लागते. स्पेनमधील २०१६ च्या अशाच एका चाचणीचा निष्कर्षही अनुकूल होता. त्याच वर्षी अमेरिकेत २६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत मात्र पीआरपी व मिठाचे पाणी यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

सर्वाधिक विचार करायला लावणारा अहवाल २०२० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून आला. जेरी शापिरो हे केसांच्या विकारांतील जगन्मान्य तज्ज्ञ. त्यांच्या गटाने ३५ स्त्री-पुरुषांच्या डोक्यावर एका ठरावीक जागी पीआरपी व दुसऱ्या जागी मिठाचे पाणी, असे महिन्याच्या अंतराने तीनदा टोचले. पीआरपीच्या जागी केसांची घनता वाढली आणि मिठाच्या पाण्याच्या जागीही वाढली. दोहोंतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही.

याचे दोन अर्थ लावता येतात. पहिला असा की पीआरपीतील द्रव्ये एका जागेपुरती मर्यादित न राहता शेजारी पसरली आणि दोन्ही बाजूंना लाभ झाला. दुसरा अर्थ अधिक अडचणीचा: लाभ रक्तद्रवाचा नसून सुईचाच असावा. त्वचेला सूक्ष्म इजा झाली की ती भरून काढण्यासाठी शरीर तीच वाढीची प्रथिने जागच्या जागी सोडते. या दुसऱ्या शक्यतेला बळ देणारा पुरावाही महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयात २०१३ मध्ये शंभर पुरुषांवर चाचणी झाली. एका गटाला फक्त मिनॉक्सिडिल दिले, दुसऱ्याला मिनॉक्सिडिलच्या जोडीने आठवड्यातून एकदा बारीक सुयांचा रूळ डोक्यावर फिरवला. बारा आठवड्यांनी मोजलेल्या भागातील केस पहिल्या गटात सरासरी २२ ने, तर दुसऱ्यात ९१ ने वाढले. येथे कोणाचेही रक्त काढले नव्हते. सुयांचा रूळ आणि सेंट्रिफ्यूज यांच्या किमतीतील अंतर लक्षात घेता या आकड्यांची चर्चा जितकी व्हायला हवी होती तितकी झाली नाही. अर्थात हीसुद्धा एकच, अल्प काळाची चाचणी होती आणि असे रूळ घरी स्वतः फिरवण्याचा सल्ला त्यातून निघत नाही.

सर्व चाचण्या एकत्र करून पाहणारी परीक्षणे पीआरपीच्या बाजूने झुकतात. केसांची घनता सरासरीने वाढते, असे ती सांगतात. पण त्याच परीक्षणांत चाचण्या लहान असल्याची, पद्धती एकमेकींशी जुळत नसल्याची तक्रारही असते. कोणी दहा मिलिलिटर रक्त घेतो, कोणी साठ. कोणी द्रव टोचण्यापूर्वी कॅल्शियम मिसळून बिंबिका फोडतो, कोणी तसाच टोचतो. नळीत प्रत्यक्षात किती बिंबिका उतरल्या, हे तर फार थोडेच मोजतात. औषधाच्या गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात. पीआरपीची मात्रा मात्र दवाखान्यागणिक, एवढेच नव्हे तर एकाच दवाखान्यात दिवसागणिक बदलू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केसगळतीवरील उपचार म्हणून पीआरपीला मान्यता दिलेली नाही. हा द्रव तयार करणाऱ्या काही यंत्रांना मिळालेली परवानगी हाडांच्या शस्त्रक्रियेतील वापरासाठी आहे.

तेव्हा पीआरपी निव्वळ थोतांड आहे, असे म्हणता येत नाही आणि ते सिद्ध झालेले औषध आहे, असेही म्हणता येत नाही. आनुवंशिक टकलाच्या आरंभीच्या अवस्थेत, केस पातळ झालेले पण मुळे जिवंत असलेल्या काही रुग्णांना त्याचा मध्यम लाभ होतो, इतके मान्य करायला हरकत नाही. वर्षानुवर्षे गुळगुळीत झालेल्या टाळूवर ते केस उगवत नाही. तिथे टोचणे म्हणजे खडकावर पेरणी करणे होय.

ज्यांना टाळून सुईकडे जातात ती औषधे

पीआरपीची तुलना करायची तर ती ‘काहीच न करण्याशी’ करून भागणार नाही. उपलब्ध औषधांशी करावी लागेल. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबावरचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढतात, असे दिसल्यावर त्याचे डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत त्याने गळती वाढल्यासारखी वाटते. जुने केस जागा सोडत असतात, पण रुग्ण घाबरून बाटली फेकतो. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि थांबवले की लाभही ओसरतो.

फिनास्टराईडच्या एक मिलिग्रॅमच्या गोळीला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. टकलास कारणीभूत द्रव्याची निर्मितीच ती कमी करते. म्हणून पुरुषांमधील आनुवंशिक टकलावर तिच्याइतका भक्कम पुरावा फार थोड्या उपायांना आहे. मात्र शंभरात एक-दोन पुरुषांना कामेच्छा किंवा ताठरता कमी होण्याचा त्रास होतो. मे २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे नमूद केले. नैराश्याचा इतिहास असलेल्यांनी ही बाब डॉक्टरांना आधी सांगितलीच पाहिजे. गरोदर स्त्रियांना ही गोळी पूर्णतः वर्ज्य आहे.

लग्नाच्या उंबरठ्यावरील तरुण या गोळीला बिचकतात, हे समजण्यासारखे आहे. ‘स्वतःचेच रक्त, त्यामुळे दुष्परिणाम नाही’ हे वाक्य त्यांना नेमके याच क्षणी ऐकवले जाते आणि पीआरपीचा निर्णय होतो. हा निर्णय चूक आहे असे नाही. पण तो घेताना एक गोष्ट दुर्लक्षिली जाते: पीआरपीने टकलाचे मूळ कारण थांबत नाही. म्हणूनच अनेक त्वचारोगतज्ज्ञ ते औषधांच्या जोडीने देतात, औषधांऐवजी देत नाहीत. जोडीने दिल्यावर झालेली वाढ गोळीची, द्रावणाची की सुईची, हे सांगणे कठीण होऊन बसते. जाहिरातीतील ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांत तर हा उलगडा कधीच नसतो. शिवाय ओले केस व वाळलेले केस, डोक्यावरून पडणारा उजेड व समोरचा उजेड, एवढ्यानेही विरळ केस दाट भासतात.

खर्चाचा अंदाज अवघड नाही. एका बैठकीला तीन-चार हजारांपासून दहा-पंधरा हजारांपर्यंत रुपये आकारले जातात. पाच हजार धरले, तरी पहिल्या वर्षी तीन बैठका व नंतरच्या दोन अशा पाचांचे पंचवीस हजार आणि पुढे दरसाल दहा हजार होतात, प्रवास वेगळा. आरोग्य विमा साधारणतः सौंदर्यवर्धक उपचारांचा भार उचलत नाही. मिनॉक्सिडिल व गोळी यांचा खर्च महिन्याला काही शे रुपयांत भागतो. हळदीच्या पट्टीचे पैसे हाती आल्यावर एकरकमी ‘पॅकेज’ भरण्याची जी टूम निघाली आहे, ती रुग्णाच्या हिताची नाही. दुसऱ्या बैठकीनंतर मन बदलले तर पैसे परत मिळण्याची शाश्वती नसते.

स्वतःचे रक्त, पण सुई कोणाची?

पीआरपीत बाहेरचे औषध नसल्याने ॲलर्जीचा धोका कमी असतो, हे खरे. टोचताना वेदना, दोन-चार दिवस सूज, डोकेदुखी, क्वचित जंतुसंसर्ग, इतकाच त्रास बहुतेकांना होतो. खरा धोका द्रवात नसून हाताळणीत आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क शहरात परवाना नसलेल्या एका सौंदर्यकेंद्रात चेहऱ्यावर पीआरपीचा उपचार घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे २०१८ नंतरच्या तपासात उघड झाले. तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. एकदाच वापरायच्या नळ्या व सुया पुन्हा वापरल्या, रक्ताच्या नळ्यांवर नावे घातली नाहीत, तर ‘स्वतःचे रक्त’ हा शब्द पोकळ ठरतो.

बिंबिकांची संख्या कमी असलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, डोक्याच्या त्वचेला संसर्ग झालेले, रक्ताचा विकार किंवा कर्करोग असलेले रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांना हा उपचार सामान्यतः दिला जात नाही. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके बिंबिकांचे काम मंदावतात, म्हणून ती काही दिवस आधी बंद करण्यास सांगितले जाते. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्याने मात्र केसांपायी ती परस्पर बंद करू नये.

उपचार कोण करतो, हाही प्रश्न आहेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपण व सौंदर्यशस्त्रक्रियांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा यूट्यूबवरील चित्रफिती पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे स्पष्टपणे लिहावे लागले. पीआरपी ही शस्त्रक्रिया नसली तरी रक्त काढणे आणि टोचणे ही वैद्यकीय कृती आहे. ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत ती होता कामा नये.

त्यामुळे पहिली बैठक ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना काही गोष्टी विचारण्यात संकोच बाळगू नये. निदान कोणते आणि ते कशावरून केले? किती रक्त घेणार, एकदा फिरवणार की दोनदा? नळ्यांचा संच रुग्णासमोर उघडला जाईल का? द्रवातील बिंबिका मोजता येतील का? ‘जीएफसी’ किंवा ‘एक्झोसोम’ अशी नवी नावे सांगून अधिक पैसे मागितले जात असतील, तर त्यांचा पुरावा पीआरपीपेक्षाही तोकडा आहे, हे ध्यानात ठेवावे. आणि तीन बैठकांनी फरक न पडल्यास पुढे काय? या शेवटच्या प्रश्नाला ‘आणखी तीन’ असे उत्तर मिळाले, तर बाहेर पडणे शहाणपणाचे.

फरक पडला की नाही, हे मोजण्याची पद्धतही आधीच ठरवून घ्यावी. त्वचारोगतज्ज्ञांकडे केसांची मुळे मोठी करून दाखवणारे ट्रायकोस्कोप असते. त्याने एकाच जागेचे चित्र आरंभी व सहा महिन्यांनी घेता येते. ते नसेल तर त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, कोरड्या केसांनी, तेवढ्याच लांबीवर कापून घेतलेली छायाचित्रे पुरेशी होतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे पंधरा दिवसांत दाटपणा आल्याचे कोणी सांगत असेल, तर तो भास समजावा.

निदानासाठी पुण्याची वाट धरण्याची गरज सहसा पडत नाही. रहिमतपूरहून त्याच लोहमार्गाने कऱ्हाड आणि पुढे मिरज गाठता येते. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचे असून सातारा शहरातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. अशा रुग्णालयांच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात अल्प खर्चात तपासणी होते. तेथे जाताना रक्ततपासणीचे जुने अहवाल, घेतलेल्या गोळ्यांची वेष्टने आणि गेल्या सहा महिन्यांत आलेल्या आजारपणाच्या तारखा सोबत न्याव्यात. केस कापून, तेल चोपडून मात्र जाऊ नये. तेलकट डोक्यावर मुळे नीट दिसत नाहीत.